जुन्या स्पोर्ट्स कारची पुढची काच बदलताना: काचेआधी चौकट

पुढच्या काचेला तडा गेला की आपण लगेच काच शोधायला लागतो. जुन्या स्पोर्ट्स कारसाठी हा क्रम उलटा करावा लागतो. थोडी वाट पाहिली तर काच बहुतेक वेळा मिळते. पण ती ज्या पत्र्याच्या चौकटीत बसते ती चौकट वीस-तीस वर्षांत कोणी पाहिलेलीच नसते. रबराखाली, क्रोमच्या पट्टीखाली, डॅशबोर्डच्या टोकाशी वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं असतं. काच निघाली की हे सगळं पहिल्यांदा उघडं पडतं, आणि पुढचं काम एका दुपारचं आहे की महिनाभराचं, हे तिथेच कळतं.

माझ्या कूपेची (दोन दारांच्या, बंद छपराच्या गाडीची) काच मी एकदा घाईत बदलून घेतली होती. बसवणाऱ्याने खालच्या कोपऱ्यातला गंज वरवर खरवडला, त्यावर सीलंटचा, म्हणजे फटी बुजवायच्या लगद्याचा, जाड थर दिला आणि काच बसवून दिली. दिसायला काम सुरेख होतं. चौदा महिन्यांनी नेमक्या त्याच कोपऱ्यातून नव्या काचेला तडा गेला. दगड लागला नव्हता, गाडी उभीच होती. काच काढली तेव्हा सीलंटखाली गंज फुगून टणक गाठ झालेली दिसली, आणि काच त्या गाठीवर टेकलेली होती. दुसऱ्यांदा मी सगळं शिकून, वेळ घेऊन केलं. तेच इथे क्रमाने लिहितो आहे.

तडा आधी वाचा

काच काढण्यापूर्वी तडा कुठून सुरू झाला हे शोधा. बाहेरच्या बाजूने तड्यावरून बॉलपेनचं टोक किंवा नख हळूच फिरवा. दगड लागला असेल तर कुठेतरी टोक अडकतं. तिथे बारीक खड्डा असतो आणि त्याच्यापासून रेषा फुटलेल्या असतात. खड्डा कुठेच नसेल आणि तडा काचेच्या कडेपासून निघून आत वळत गेला असेल, तर काचेवर ताण होता असं समजा. त्याची कारणं ठरलेली असतात: कडेखाली फुगलेला गंज, एका बाजूला गोळा झालेलं रबर, जुन्या अपघातानंतर किंचित पिळलेली चौकट, किंवा आधी बसवताना काचेच्या कडेला उडालेला टवका. दगडाने गेलेल्या तड्यावर नवी काच हा उपाय पुरतो. ताणाने गेलेल्या तड्यावर पुरत नाही, कारण तो ताण नव्या काचेचीही वाट पाहत असतो.

काच कोणत्या जातीची आहे तेही पाहा. आजची पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ, साधारण 0.76 मिलिमीटरचा पापुद्रा असतो. फुटली तरी ती जागेवर चिकटून राहते. जुन्या काही गाड्यांत, विशेषतः युरोपात बनलेल्या, पुढची काचही टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, असायची. तिच्यावर दगड बसला की सगळी काच एका क्षणात दाण्यांसारखी होते आणि समोरचं दिसेनासं होतं. म्हणून काही कंपन्या चालकासमोरचा पट्टा वेगळ्या प्रकारे तापवून घेत, म्हणजे तिथे तुकडे मोठे पडून थोडं तरी दिसावं. तुमच्या गाडीत अशी टफन्ड काच असेल तर बदलताना लॅमिनेटेडच घ्या. मूळपणाचा आग्रह मला समजतो, पण ही एक जागा आहे जिथे मी तो सोडतो.

लॅमिनेटेड काचेवर लहान टवका असेल, तो चालकाच्या थेट नजरेच्या पट्ट्यात नसेल आणि कडेपर्यंत पोचला नसेल, तर रेझिन (घट्ट होणारा पारदर्शक द्रव) भरून तो थांबवता येतो. दुर्मीळ गाडीची मूळ काच वाचवायची हीच खरी संधी असते. मात्र हे लवकर करा. टवक्यात पाणी आणि धूळ गेली की रेझिन नीट धरत नाही. तोवर टवक्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा. काचेच्या कडांना दुधी डाग पसरत असतील तर पापुद्रा सुटायला लागला आहे, आणि त्यावर दुरुस्ती नाही. वायपरने पडलेली खोल रेघ घासून काढायचा मोहही टाळा. घासलेल्या जागी काच थोडी पातळ होते आणि रात्री समोरचे दिवे तिथून वेडेवाकडे दिसतात.

तुमची काच कशावर बसली आहे

पुढची सगळी पद्धत यावरून ठरते, म्हणून काचवाल्याला फोन करण्याआधी स्वतः बघा.

पहिला प्रकार रबरी बिडिंगचा. काचेभोवती जाड रबर असतं. त्याच्या एका खाचेत काच बसते आणि दुसऱ्या खाचेत गाडीच्या पत्र्याची कड. कधी त्याच रबरात क्रोमची पट्टी किंवा रबर ताठ ठेवणारी लॉकिंग पट्टी ठोकलेली असते. 1989 पर्यंतच्या पोर्शे 911 मध्ये, डॅटसन 240झेडमध्ये, एमजीबी जीटीमध्ये हीच पद्धत आहे. बाहेरून बोटाने दाबलं की रबर मऊ लागतं आणि त्याचा ओठ काचेवर आलेला दिसतो.

दुसरा प्रकार चिकटवलेल्या काचेचा. काच थेट पत्र्याच्या कडेवर पॉलियुरेथेनने (पुढे नुसतं युरेथेन; हा काच चिकटवायचा पदार्थ) चिकटलेली असते आणि बाहेर दिसणारी काळी पट्टी फक्त शोभेची असते. माझदाची 1989 साली आलेली एमएक्स-5 या पिढीतली. इथे काच गाडीच्या सांगाड्याचा भाग असते. छपराची ताकद, प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग असेल तर तिचा आधार, आणि अपघातात माणूस बाहेर फेकला न जाणं, हे सगळं त्या चिकटपणावर अवलंबून असतं.

तिसरा प्रकार खुल्या गाड्यांत सापडतो. काच ॲल्युमिनियमच्या चौकटीत असते आणि ती अख्खी चौकट दोन खांबांनी गाडीला बोल्टने जोडलेली असते. एमजीबी रोडस्टर याचं नेहमीचं उदाहरण. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

योग्य काच ओळखणं

नाव सारखं म्हणून काच सारखी, असं धरू नका. जॅग्वार ई-टाइपमध्ये दोन आसनी गाडीची काच आणि 2+2 ची (मागे दोन लहान आसनं असलेलीची) काच वेगळी आहे, शिवाय 2+2 मध्ये पहिल्या मालिकेतून दुसऱ्या मालिकेत जाताना काचेचा कलही बदलला. म्हणून विक्रेत्याला मॉडेलच्या नावावर थांबू देऊ नका. सांगाड्याचा क्रमांक, बनल्याचं वर्ष, बंद छप्पर की खुलं, डावीकडे स्टीअरिंग की उजवीकडे, हे सगळं द्या.

मग जुन्या काचेच्या कोपऱ्यातली खूण वाचा. वर्तुळात 'ई' आणि आकडा असेल तर ती युरोपीय मान्यता आहे. आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा असतो: 1 जर्मनी, 2 फ्रान्स, 3 इटली, 4 नेदरलँड्स, 11 ब्रिटन. त्याच खुणेत रोमन दोनचा आकडा दिसला तर काच साधी लॅमिनेटेड आहे. अमेरिकी खुणेत 'डॉट'पुढचा आकडा कारखान्याचा असतो, आणि 'एएस1' म्हणजे पुढच्या काचेसाठी चालणारी काच. नव्या काचेवर यातली एकही खूण नसेल तर ती घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

खुणेनंतर बारकावे तपासा. वरच्या कडेला रंगीत पट्टा आहे का, आणि असला तर हिरवा की निळा? काचेत ॲन्टेनाची तार आहे का? आतला आरसा काचेला चिकटवलेल्या बटणावर आहे की छपराला? कडेला काळा, भाजलेल्या रंगाचा पट्टा आहे का? चिकटवलेल्या काचेत हा काळा पट्टा फार महत्त्वाचा, कारण तो खालच्या युरेथेनला उन्हापासून वाचवतो. जुन्या नमुन्याच्या काचेवर तो नसेल, तर कड पूर्ण झाकणारी पट्टी किंवा ऊन अडवणारा काळा प्रायमर (आधी द्यायचा अस्तराचा थर) लागेल. हे आधीच ठरवून घ्या.

जाडी मात्र स्वतः मोजा. टफन्डऐवजी लॅमिनेटेड घेताना, किंवा वेगळ्या कारखान्याची काच घेताना, जाडीत अर्धा-एक मिलिमीटर फरक पडतो. रबराची खाच ठरावीक जाडीसाठी कापलेली असते. जाड काच बसवताना रबर फाटतं, पातळ काच खाचेत सैल राहून गळते. काच घरी आली की ती उभी ठेवूनच तपासा, रबर किंवा गोधडीच्या घडीवर टेकवून. आडवी ठेवून तिच्यावर काही टेकवू नका. सगळी कड बोटाने, हातमोजा घालून, एकदा फिरवून बघा. कडेला उडालेला तांदळाएवढा टवका आज दिसला तर काच परत करता येते. बसवल्यावर त्यातूनच तडा निघाला तर दोष कोणाचा हे ठरत नाही.

काचेबरोबर रबर नेहमी नवं घ्या. जुनं रबर काढताना शाबूत राहिलं तरी ते कडक झालेलं असतं. नव्या रबराचे कोपरे साच्यात ओतलेले आहेत की सरळ लांबी कापून जोडलेले, हे बघा. जोड असलाच तर तो खालच्या मध्यावर यायला हवा, कोपऱ्यात नाही.

काम कोणाला द्यायचं

आज काच बदलणाऱ्या बऱ्याच कारागिरांनी आयुष्यभर फक्त चिकटवलेल्या काचा बसवलेल्या असतात. त्यांच्यात वाईट काही नाही, पण दोरीने रबर बसवणं हे वेगळं कसब आहे. म्हणून सरळ विचारा: अशा रबरी काचा शेवटच्या कधी बसवल्या? क्रोमची पट्टी काच गाडीत बसवण्याआधी रबरात घालणार की नंतर? चौकटीत गंज निघाला तर काय करणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "सीलंट भरून देतो" असं आलं तर मी नमस्कार करून निघतो. "काम थांबवतो आणि तुम्हाला बोलावतो" असं म्हणणारा माणूस हवा.

बसवताना काच फुटली तर जबाबदारी कोणाची, हेही आधी लेखी ठरवा. काच तुम्ही आणून दिलेली असेल तर बरेच जण ती जबाबदारी घेत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. विमा असेल तर काम सुरू होण्यापूर्वी कंपनीला तड्याचे फोटो पाठवा आणि जुन्या गाडीसाठी कोणती काच मान्य आहे ते विचारून ठेवा.

रबरी काच घरी बसवता येते, दोन माणसं आणि भरपूर धीर असेल तर. चिकटवलेली काच मी घरी बसवत नाही. तिच्यात चूक झाली तर ती अपघाताच्या क्षणीच समजते.

काढण्यापूर्वी आणि काढताना

गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी करा. जॅकवर किंवा उतारावर हे काम करू नका, विशेषतः खुल्या गाडीत. सांगाडा थोडा पिळलेला असताना बसवलेली काच गाडी खाली आल्यावर ताणात येते. दरवाजांच्या काचा खाली करा.

सगळीकडून फोटो काढा: पट्ट्यांचे जोड, कोपऱ्यांचे क्लिप, वायपर थांबतात ती जागा. वायपरच्या जागेवर काचेवर मास्किंग टेपची खूण करा, मग आर्म काढा. जुन्या गाडीत आर्म दांड्यावर घट्ट बसलेले असतात. त्यांना पेचकसाने उचकटलं तर खालचा रंग आणि दांडा दोन्ही जातात. छोटा पुलर (आर्म ओढून काढायचं अवजार) वापरा. बॉनेटवर आणि डॅशबोर्डवर जाड चादर पसरा. उन्हाने वाळलेल्या जुन्या डॅशबोर्डला कोपराचा धक्कासुद्धा पुरतो. हवा सोडणाऱ्या फटींवर टेप लावा, नाहीतर काचेचे कण आत जातील आणि पंखा सुरू केला की तोंडावर येतील.

रबरी काच काढताना आधी लॉकिंग किंवा क्रोमची पट्टी सोडवा. तिच्या जोडावरची टोपी सरकवली की टोक मिळतं. तिथून हळूहळू, एकसारखी ओढा. ॲल्युमिनियमची पट्टी एकदा दुमडली की ती घडी पुन्हा सरळ होत नाही, आणि काही गाड्यांच्या पट्ट्या नव्या मिळतच नाहीत. मग रबर वाचवायच्या नादी न लागता धारदार कटरने त्याचा बाहेरचा ओठ काचेच्या कडेलगत कापून टाका. ओठ निघाला की आतून तळव्याने हलका दाब देऊन काच बाहेर येते, बाहेर दुसऱ्या माणसाने धरलेली हवी. आतून पायाने ढकलायची पद्धत मी पाहिली आहे. मूळ काच पुन्हा वापरायची असेल तर ती तिथेच संपते.

चिकटवलेली काच तारेने कापतात. युरेथेनमधून तार आत ओवून, आतून-बाहेरून ओढत सगळीकडे फिरवतात. सुरीने वेळ वाचतो, पण जुन्या गाडीच्या कडेवरचा रंग ओरखडला जातो आणि त्या ओरखड्यातून पुढचा गंज सुरू होतो. तारेचा आग्रह धरा.

चौकट: इथे थांबा

काच बाहेर आली की हात धुवा, चहा घ्या आणि चौकटीकडे उजेड घेऊन बसा. त्या दिवशी नवी काच बसवायचीच असं ठरवलेलं असेल तर ते मनातून काढा.

आधी जुनं सीलंट आणि रबराचे तुकडे लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा. मग खालचे दोन्ही कोपरे पाहा, कारण पाणी तिथेच साठतं. त्यानंतर खालची मधली कड, आणि शेवटी वरचे कोपरे. रंगाखाली फोड दिसतो तिथे पेचकसाच्या टोकाने टोचा. टोक आत गेलं तर तो पत्रा उरलेला नाही. बॉनेटच्या मागच्या जाळीखाली पाणी वाहून जायची भोकंही याच वेळी साफ करा. ती पानांनी आणि मातीने भरलेली असतात, आणि काच गळते अशी तक्रार असलेल्या कित्येक गाड्यांत पाणी खरं तर तिथूनच आत येत असतं.

वरवरचा गंज असेल तर तो चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, इपॉक्सी प्रायमर द्या, मग रंग. भोक असेल किंवा पत्रा कागदासारखा झाला असेल तर कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो. इथे लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरू नका. लांबी दाबाखाली तडकते, ओलावा धरते, आणि चिकटवलेल्या काचेच्या कडेवर तर ती चालतच नाही, कारण युरेथेन लांबीला घट्ट धरून राहील पण लांबी पत्र्याला धरून राहणार नाही. गंजावर फासायच्या रसायनावरही इथे भिस्त ठेवू नका. वेल्ड केलेली जागा मूळ कडेएवढ्याच जाडीची होईपर्यंत घासून घ्या. नाही तर तुम्ही गंजाच्या गाठीऐवजी लोखंडाची गाठ तयार केलेली असते.

नव्या रंगाला पुरेसा वेळ द्या. ताज्या रंगात द्रावक अडकलेलं असतं. त्यावर युरेथेन लावलं तर ते वरच्या रंगाच्या थराला चिकटतं आणि तो थर खालून सुटतो. रंगाच्या डब्यावर पूर्ण सुकायचा जो काळ लिहिलेला असेल तो पाळा. या दिवसांत चौकटीवर ताडपत्री बांधा आणि गाडी छताखाली ठेवा.

रंग झाल्यावर एक परीक्षा राहते, आणि ती बहुतेक जण वगळतात. रबर न लावता नुसती काच चौकटीवर ठेवून बघा. कडेवर सहा-आठ ठिकाणी सारख्या जाडीचे रबरी तुकडे ठेवा आणि दोघांनी काच अलगद टेकवा. समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने बोटाने दाबा. काच डुगडुगली तर चौकट पिळलेली आहे किंवा काचेची वक्रता जुळत नाही. सगळीकडची फट मोजा. बाजूंना एक-दोन मिलिमीटरचा फरक चालून जातो, पण एका कोपऱ्यात कड टेकते आणि दुसऱ्यात बोट जातं असं असेल तर काच बसवू नका. चौकट ठीक करायची की दुसरी काच मागवायची, याचा निर्णय इथेच होतो. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात याच परीक्षेने वरचा डावा कोपरा तीन मिलिमीटर आत दबलेला सापडला, कुठल्या तरी जुन्या अपघाताची खूण. ती आधी कधीच दिसली नव्हती.

रबरी काच दोरीने बसवणं

दिवस उबदार निवडा. थंड रबर ऐकत नाही. नवं रबर उन्हात ठेवा किंवा कोमट पाण्यात बुडवून मऊ करा.

काच जाड घडीवर, मऊ टेबलावर ठेवून रबर आधी काचेवर चढवा. कोपऱ्यांपासून सुरुवात करा, मग मधला भाग. रबर जास्त वाटलं तर कापू नका. ते एका बाजूला ओढलं गेलेलं असतं. हाताने चोळत सगळीकडे सारखं पसरवा. ज्या गाड्यांत क्रोमची पट्टी काच बसवण्याआधी रबरात घालायची असते, तिथे ती आत्ताच घाला. नंतर ती जाणार नाही. जुन्या 911 मध्ये असंच करावं लागतं.

आता दोरी. चार-पाच मिलिमीटरची गुळगुळीत नायलॉनची दोरी घ्या. सुतळी नको, ती ओली झाली की रबर कापते. पत्र्याची कड जिथे बसणार ती खाच साबणाच्या पाण्याने ओली करा आणि दोरी तिच्यात सगळीकडे दाबून बसवा. दोन्ही टोकं खालच्या मध्यावर एकमेकांवरून वीतभर पुढे गेलेली आणि आतल्या बाजूला लोंबती ठेवा. पत्र्याच्या कडेलाही साबणाचं पाणी लावा. तेल, ग्रीस, पेट्रोल यांपैकी काहीही नको. त्याने रबर फुगतं आणि सीलंट नंतर धरत नाही.

काच चौकटीवर ठेवा, खालची कड आधी, बरोबर मध्यावर. एक माणूस बाहेर, एक आत. आतल्याने दोरीचं एक टोक काचेच्या मध्याकडे, काचेला समांतर ओढायचं. दोरी निघते तशी रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो. बाहेरच्याने नेमकं त्याच जागी तळव्याने दाबायचं आणि दोरीबरोबर सरकत जायचं. दोघांनी बोलत राहणं हे या कामाचं अर्धं तंत्र आहे. खालची कड पूर्ण होऊ द्या, मग दोन्ही बाजू थोड्या थोड्या, आळीपाळीने वर. वरची कड शेवटी. दोरी अडली तर जोर करू नका. मागे या, साबणाचं पाणी घाला, बाहेरचा दाब बदला. मुठीने ठोकू नका. लॅमिनेटेड काच मधल्या दाबाला टिकते पण कडेवरच्या एका ठोक्याला नाही.

कोपरे नेहमी त्रास देतात. ओठ आत आला नाही तर प्लास्टिकच्या गोल टोकाच्या पट्टीने तो उचलून काढा. पेचकस वापरायचा मोह होईल, पण रबर एकदा फाटलं की ती गळती कायमची.

काच बसली की बाहेरून चारही बाजूंनी तळव्याने दाबत एक फेरी मारा, मग लॉकिंग पट्टी घाला. तिच्यासाठी डोळ्यासारखं भोक असलेलं छोटं अवजार येतं: भोकातून पट्टी ओवायची आणि अवजार खाचेत सरकवत न्यायचं, ते ओठ उघडतं आणि पट्टी मागोमाग बसत जाते. हे अवजार नसताना मी एकदा पूर्ण दुपार घालवली. अवजार मिळाल्यावर तेच काम वीस मिनिटांत झालं.

सीलंट कधी? माझं मत असं की नवं, योग्य रबर आणि सरळ चौकट असेल तर आधी सीलंट न भरता पाण्याची परीक्षा करा. गळलं तरच रबराचा ओठ उचलून त्याखाली कधीच न घट्ट होणारं, काचेसाठीचं काळं सीलंट भरा. काही गाड्यांच्या कारखान्याच्या पुस्तिकेत ते सुरुवातीलाच सांगितलेलं असतं, तिथे पुस्तिकेचं ऐका. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकोन मात्र कधीच नाही. त्यातून सुटणारं आम्ल पत्र्याला गंज लावतं, आणि त्याचे अवशेष राहिले तर पुढे तिथे रंगही नीट धरत नाही.

चिकटवलेली काच बसवताना काय पाहायचं

हे काम दुसऱ्याच्या हातात असलं तरी शेजारी उभं राहून पाहण्यासारखं आहे. जुनं युरेथेन कडेवरून पूर्ण खरवडून काढलं जात असेल तर थांबवा. एक-दोन मिलिमीटरचा ताजा कापलेला थर मागे ठेवायचा असतो, कारण नवं युरेथेन जुन्या घट्ट थराला उत्तम धरतं. कापताना पत्रा उघडा पडलेल्या जागी धातूचा प्रायमर, काचेच्या कडेवर काचेचा प्रायमर, आणि दोन्हींना सुकायला वेळ. प्रायमर लावलेल्या जागी बोट लावू द्यायचं नाही.

युरेथेन बंदुकीतून उभ्या त्रिकोणी वातीसारखं, सलग पडायला हवं. मध्ये तुटलेली वात म्हणजे गळती. युरेथेन न लावता काच ठेवून बघताना काचेवरून गाडीच्या पत्र्यावर टेपचे तुकडे लावून ते सांध्यावर कापलेले असतील, तर खरी काच ठेवताना ते जुळवले की ती एकाच प्रयत्नात जागेवर पडते. एकदा टेकवल्यावर सरकवणं वाईट, कारण त्याने वात फाटते.

हे युरेथेन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, बाहेरून आतल्या दिशेने. म्हणून कोरड्या किंवा थंड हवेत वेळ वाढतो. गाडी सुरक्षितपणे कधी चालवता येईल तो काळ नळीवर लिहिलेला असतो आणि तो उत्पादनानुसार तासाभरापासून दिवसभरापर्यंत बदलतो. एअरबॅग असलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल तर तोच धरा. तोवर दरवाजे जोरात आपटू नका आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद गाडीत दरवाजा आपटला की आतल्या हवेचा दाब ओली वात बाहेर ढकलतो.

रोडस्टरची ॲल्युमिनियमची चौकट

इथे लढाई काचेशी नसते, स्क्रूंशी असते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत पोलादी स्क्रू असले की ओलाव्याने दोन धातू एकमेकांना खातात आणि स्क्रू चौकटीत गोठतो. दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल रोज सोडत राहा. पेचकसाचं टोक स्क्रूच्या खाचेत अगदी नेमकं बसणारं घ्या. तरीही तुटलेला स्क्रू ड्रिल करून काढायची तयारी ठेवा. खांबांचे बोल्ट डॅशबोर्डच्या टोकांशी, खाली असतात. ते काढताना कोणत्या बोल्टखाली किती वॉशर होते हे लिहून ठेवा, कारण चौकटीचा कल त्यावर ठरलेला असतो. परत जोडताना स्क्रूंना गोठू न देणारी पेस्ट लावा.

चौकट परत बसवल्यावर बोल्ट लगेच पूर्ण आवळू नका. आधी कापडी छप्पर वर चढवून पुढच्या पट्टीला अडकवा, दरवाजांच्या काचा वर करा, त्यांची रबरं चौकटीला सगळीकडे सारखी टेकतात का पाहा. मग आवळा. उलट क्रमाने केलं तर छप्पर पुढे दोन बोटं कमी पडतं आणि सगळं पुन्हा सोडवावं लागतं.

पाण्याची परीक्षा

रबरी काचेची परीक्षा त्याच दिवशी करता येते, चिकटवलेल्या काचेची युरेथेन पक्कं झाल्यावर. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा, गालिचे काढलेले असू द्या. बाहेर साध्या नळीने, जोराची धार न मारता, पाणी सोडा. सुरुवात खालच्या कडेपासून करा आणि प्रत्येक पट्ट्यावर दोन-तीन मिनिटं थांबून वर या. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती कुठली हे कळत नाही. आतल्या कडेला टिश्यू पेपरच्या पट्ट्या लावल्या तर पहिला थेंब लगेच दिसतो.

गळती सापडली की पाणी रबर आणि काच यांच्यामधून येतं आहे की रबर आणि पत्रा यांच्यामधून, हे आधी ठरवा. सीलंट त्याच फटीत जायला हवं. दोन्हीकडे भरून टाकलं तर एका फटीतून शिरलेलं पाणी दुसऱ्या फटीत अडकतं आणि मुकाट्याने पत्रा खातं.

दाबाच्या पाण्याने धुणं आठवडाभर टाळा. वायपर टेपच्या खुणेवर जुळवून बसवा, रबरं नवी लावा, आणि नव्या काचेवर ती पहिल्यांदा कोरडी फिरवू नका. मग पहिल्या दोन-तीन पावसांनंतर पुढचे गालिचे उचलून खालचं कापड हाताने दाबून पाहा. चौकटीचे फोटो तारखेसह गाडीच्या कागदांत ठेवा. पुढच्या वेळी ही काच कोणी काढायला घेईल तेव्हा खाली काय केलं होतं, हे त्याला काच काढण्याआधीच कळेल.